साहेबाच्या गळ्यातला फोन

शिवणवालीच्या शेळीला त्या हिवाळ्यात झालेल्या करडाला खालचा जबडाच नव्हता, असं गावात सांगतात. जबडा होता. वरच्यापेक्षा बोटभर आखूड होता, इतकंच. पण गावाला अर्ध्या गोष्टीत गोडी वाटत नाही.

शेळी अडली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. शिवणवाली गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत ठेवून बोकडवाल्याच्या दारात आली. "भाऊ, चला लवकर. पाय दिसतायत, तोंड दिसत नाही."

बोकडवाला साठीचा, अंगाने काटक, पण हात लहान आणि निमुळते. एवढ्या बाप्याला असले हात कशाला दिले, असं लोक म्हणत, आणि शेळी अडली की ह्याच हातांना बोलावणं धाडत. त्याने कोपरापर्यंत साबण चोळला. शिवणयंत्राशेजारी चिंध्यांच्या ढिगावर शेळी आडवी पडून दात खात होती. त्याने डोळे मिटले, बोटं आत घातली, मागे वळलेली मान चाचपून सरळ केली आणि कळ आली तशी करडू ओढून घेतलं. नाकातोंडातला चिकटा पुसताना त्याचा अंगठा हनुवटीवरून फिरला आणि थांबला.

"काय झालं?" शिवणवालीने विचारलं.

"पाट आहे."

मादी झाली म्हणून तिचा चेहरा फुलला. "माझं नशीब उघडलं म्हणा की! ह्या घरात मी सोडून कमावणारी बाई नव्हती." आतल्या खोलीत तिचा नवरा खोकला. तो बारा महिने खोकत असे आणि त्यातल्या त्यात बोलण्याचा मुद्दा आला की जास्त.

बोकडवाला हात धुऊ लागला. त्या हिवाळ्यातलं असं हे सातवं होतं. पहिली सहा त्याने ह्याच अंगठ्याने तपासली होती.

करडू तासाभरात उभं राहिलं, आईच्या पोटाखाली गेलं, सड तोंडात घेतला. वरचा ओठ सडाला टेकला, खालचा हवेतच राहिला. सड सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. जीभ बाहेर लोंबत होती. शेळी मान वळवून त्याचं ढुंगण चाटत होती, म्हणजे आपल्याकडून काही कमी नको.

शिवणवाली हार मानणारी नव्हती. मशीनला तेल द्यायची लांब नळीची नवी कुपी तिने उघडली, धुतली, चीक पिळून तिच्यात भरला आणि करडाच्या जिभेवर थेंब थेंब सोडला. नऊ दिवस ती एका मांडीवर करडू आणि दुसऱ्या मांडीवर गिऱ्हाइकाचं कापड घेऊन बसली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना दुधाचा वास आला, कुणी बोललं तर म्हणे, "फुकट अत्तर समजा." दूध नाकातून परत यायचं. छाती घुरघुरायला लागली. दहाव्या दिवशी सकाळी तिने कुपी भरली आणि ती भरलेलीच राहिली.

आता बोकडाबद्दल सांगायला हवं.

गावात शेळ्या ऐंशीएक, बोकड एकच. तो बोकडवाल्याचा. शेळी माजावर आली की लोक तिला त्याच्याकडे आणत, बोकड दाखवत आणि घमेलंभर दाणे देऊन घरी नेत. काम चालायचं ते त्याच्या शब्दावर. अमक्या शेळीला अमक्या दिवशी बोकड दाखवला, अमक्या दिवशी विईल, असं तो सांगे आणि शेळी बहुतेक त्याच दिवशी विई. लग्नकार्यातही लोक त्याला तारीख विचारत, हे जरा जास्तच झालं.

आधीचा बोकड होता थोरला. आठ वर्षं त्याने गाव सांभाळलं. तो थकला तेव्हा बोकडवाला दूरच्या बाजाराला गेला आणि चौथ्या दिवशी एक जवान, काळा, पांढऱ्या कानांचा बोकड घेऊन आला. "बाजारातला आहे. परक्या रक्ताचा," त्याने सांगितलं. लोकांनी चारी बाजूंनी पाहून घेतलं. "चाल अगदी आपल्या थोरल्याची," एकजण म्हणाला. "चांगल्या जातीची चाल सारखीच असते," बोकडवाला म्हणाला.

नवा बोकड उनाड निघाला. सकाळी सोडला की टेकडीवरच्या झुडपांत गडप. शेळीचा माज टिकतो एक दिवस, फार तर दीड. आणि दारात शेळी ओरडतेय, तिची मालकीण ओरडतेय आणि बोकडवाला टेकडीवर घसा फोडून ओरडतोय, असा तमाशा रोज होऊ लागला. तेव्हा सुनेने डोकं चालवलं. सून बारावी झालेली, नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्याचा एक जुना बटणांचा फोन पडून होता. तिने सायकलच्या ट्यूबची पिशवी शिवली, फोन त्यात बसवला आणि बोकडाच्या गळ्यात बांधला. इथून फोन लावायचा, टेकडीवर कुठे वाजतो ते ऐकायचं आणि तिकडे जायचं.

महिनाभरात जाण्याचीही गरज उरली नाही. घंटी वाजली की खाली शेळी उभी असते, हे बोकडाला उमगलं. तीन घंट्यांत तो दारात हजर. गावाने त्याचं नाव ठेवलं साहेब. लोक आपल्या साडूचा नंबर विसरत, साहेबाचा नाही. "साहेब उचलत नाहीत हो," असं म्हणून दुकानाच्या पायरीवर हशा पिकायचा. सून दर दोन दिवसांनी फोन चार्ज करी आणि कोणती शेळी, कुणाची, तिची आई कोण, कधी दाखवली, काय झालं, हे वहीत लिही. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

शिवणवालीचं करडू मेलं त्याच आठवड्यात रिचार्जवाल्याने एक चित्रफीत पाहिली.

रिचार्जवाला म्हणजे चौकातल्या टपरीत फोन विकणारा, दुरुस्त करणारा आणि रिकाम्या वेळी जगाची काळजी वाहणारा तरुण. त्या चित्रफितीत कोट घातलेला एक माणूस सांगत होता की फोनच्या लहरींनी जनावरांच्या बीजात बिघाड होतो आणि पिल्लं वाकडीतिकडी निघतात. ती त्याने सगळ्यांना पाठवली. सगळ्यांनी ती फोन नाकाशी धरून पाहिली, दोनदा पाहिली आणि पुढे पाठवली. संध्याकाळपर्यंत फोन किती वाईट, हे गावातल्या प्रत्येक फोनला कळलं.

"काका, गळ्यापासून तिथपर्यंत अंतर किती?" रिचार्जवाल्याने बोकडवाल्याला भर चौकात विचारलं. "हातभर! चार वर्षं चोवीस तास! बीज भाजून निघालं असणार."

"मग आमचं काय रे?" एकाने पँटचा खिसा चाचपत विचारलं.

"तुमचं वय झालं, आता काय भाजणार!"

लोक हसले, पण त्या आठवड्यात गावातल्या पुरुषांचे फोन पँटच्या खिशातून शर्टाच्या खिशात गेले. मग कुणीतरी हृदयाचं काढलं, तेव्हा ते हातात आले. विकत घेणं मात्र कुणी थांबवलं नाही. रिचार्जवाल्यानेही विकणं थांबवलं नाही.

पुरुषांचं असं हसण्यावारी गेलं. बायकांनी नळावर सुनेला धरलं. कुणी थेट बोललं नाही. थेट बोलली असती तर उत्तर देता आलं असतं. "शिकलेल्या मुली आणल्या की घरात नवीन नवीन निघतं बाई," एक म्हणाली. "आमच्या वेळी बोकडाला दावं बांधायचे," दुसरी म्हणाली. शिवणवाली तिथेच होती. तिने आपली भरलेली कळशी उचलून द्यायला दुसऱ्या बाईला हाक मारली. एरवी ती सुनेला हाक मारायची.

सून घरी आली, बादली ठेवली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझ्यामुळे झालं का हो हे?"

सासू चारा तोडत होती. विळ्यावरचा तिचा हात जरा थांबला. "कुणामुळे काय होतं ते कुणी पाहिलंय," ती म्हणाली आणि पुन्हा तोडू लागली.

जनावरांचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येई. रिचार्जवाल्याने त्यालाच बोकडवाल्याच्या अंगणात आणला आणि त्याच्यामागून पंचवीस-तीस माणसं आली. साहेब खुंट्याला बांधलेला होता. डॉक्टरने त्याचे दात पाहिले, डोळ्याची पापणी उलटली, मागे जाऊन खाली बसला आणि दोन्ही गोळ्या हातात घेऊन दाबून पाहिल्या. साहेबाने एवढं गांभीर्य दाखवलं की एक-दोघांनी तोंडं फिरवली.

"तब्येत उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला.

"लहरींचं सांगा ना, साहेब," रिचार्जवाला म्हणाला. बोकडाने कान टवकारले.

डॉक्टरने हात धुतले. तो सरळ माणूस होता. असल्या माणसाचं गावात नुकसान होतं. "हे बघा, उंदरांवर वगैरे प्रयोग झालेत. पिंजऱ्यात ठेवून, लहरी सोडून. कुणाला काहीतरी बिघाड दिसला, कुणाला काही दिसला नाही. लहरी किती जोराच्या, किती वेळ, ह्यावरही एकमत नाही. तुमच्या बोकडाच्या गळ्यातल्या फोनने करडांचे जबडे आखूड झाले, असं मी म्हणू शकत नाही. मुळीच झाले नाहीत असंही शपथेवर नाही सांगणार."

"म्हणजे होऊ शकतं!" रिचार्जवाला म्हणाला.

"मी तसं म्हणालो नाही."

"नाहीही म्हणाला नाहीत."

डॉक्टरने कपाळ चोळलं. "मला विचाराल तर असा जबडा पाहिला की मी आधी वेगळं विचारतो. नात्यात नातं जुळलं की हे दोष वर येतात. बाप-लेक, भाऊ-बहीण." तो बोकडवाल्याकडे वळला. "काका, ह्याच्या आधीचा बोकड कोणता होता?"

"थोरला. आता नाही तो."

"म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या शेळ्या थोरल्याच्या लेकी. बरोबर? आणि हा? ह्याचा बाप कोण?"

अंगणात तीस माणसं उभी होती. शिवणवाली पुढेच होती, बोटाला शिवणाचं टोपण तसंच. खरं तर इथे बोकडवाल्याला फारसं काही करायचं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

चार वर्षांपूर्वी तो बाजाराला गेला होता, हे खरं. दीड दिवस तो तिथे बोकडांच्या ओळीतून फिरला होता. एकाचे खूर पसरट, एकाची पाठ खोलगट, एकाची नजर मेंगळट. आपल्या थोरल्याच्या पासंगाला एकही पुरत नाही, ह्याचं त्याला दुःख व्हायला हवं होतं; त्याला बरं वाटलं. परतीच्या वाटेवर बहिणीचं गाव होतं. तिच्याकडे थोरल्याचंच एक करडू वाढत होतं, त्याच्या सर्वांत दुधाळ शेळीच्या पोटचं, त्यानेच हौसेने दिलेलं. काळं, पांढऱ्या कानांचं. त्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो हात त्याला उचलवेना. घरचं रक्त घरीच राहिलं तर बिघडलं कुठे, असं तो वाटभर स्वतःला सांगत आला. आणि दारात पोचल्यावर लोकांना जे ऐकायचं होतं ते त्याने सांगितलं.

"बाजारातला आहे," बोकडवाला म्हणाला. "परक्या रक्ताचा."

"नक्की?"

"मीच आणला ना."

डॉक्टरने मान हलवली. "तरी चार वर्षं झालीत, ह्याच्या स्वतःच्या लेकी आता ह्याच्याकडे येत असतील. तेवढं टाळा. पण बोकड परका असेल तर पहिल्याच पिढीत एवढे... मला सांगता येत नाही." त्याने पिशवी उचलली. "मग मला सांगता येत नाही," तो पुन्हा म्हणाला आणि गेला.

ह्यातली शेवटची चार अक्षरं गावाने लक्षात ठेवली. डॉक्टरला येत नाही, म्हणजे टपरीवाल्याला येतं. त्याच जागी रिचार्जवाल्याने कात्री मागितली. शिवणवालीने कमरेची काढून दिली. साहेबाच्या गळ्यातली ट्यूबची पिशवी कापून काढताना लोक मागे सरकले, जणू तिच्यात साप आहे. पिशवीखाली गळ्यावर केस झडून हातभर लांब फिकट पट्टा पडला होता.

"बघा! भाजलंय!" कुणीतरी म्हणालं.

दोन महिने साहेबाने विश्रांती घ्यायची, बीज ताजं होऊ द्यायचं आणि मग पूर्वीसारखं सुरू करायचं, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत बोकडवाला नव्हता. तो फक्त त्या अंगणाचा मालक होता.

तीन दिवसांनी सुनेने वही आणली. दुपार होती, सासरा ओट्यावर दावं वळत बसला होता. ती समोर बसली आणि बोट ठेवून वाचू लागली.

"मामंजी, हे बघा. फोन पहिल्या वर्षापासून आहे. पहिल्या वर्षी एकही करडू वाईट नाही. दुसऱ्या वर्षी एक. तिसऱ्या वर्षी दोन. आता सात. ह्या सातांच्या आणि गेल्या वर्षीच्या दोघांच्या आया साहेबाच्याच लेकी आहेत. शिवणकाकूंची शेळीसुद्धा. डॉक्टर म्हणाले तेच."

"मग डॉक्टर म्हणाले तसं टाळू."

"टाळायचं कसं? लेकी सोडून उरल्या त्या थोरल्याच्या." तिने पान उलटलं. "आणि दुसऱ्या वर्षीच्या त्या एका करडाची आई थोरल्याची लेक. साहेब परका, ती थोरल्याची. तिथे नातं कुठे आलं? तेवढं एकच बसत नाही."

दाव्याचा पीळ त्याच्या बोटांतून उलगडला. त्याने तो पुन्हा धरला.

"मामंजी, साहेब कुठल्या बाजारातला?"

"वहीत लिहिलंय ना?"

"वहीत 'बाजार' एवढंच आहे. तुम्ही सांगितलं तसं लिहिलं."

"डॉक्टरला कळत नाही आणि तुला वहीतून कळतं?" आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "फोन तू बांधला होतास. मी नाही."

सुनेचे डोळे भरले नाहीत. भरले असते तर त्याला सोपं गेलं असतं. तिने वही मिटली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी गोठ्यात बायकोने चाऱ्याची पाटी त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवली. "पोरीवर कशाला ओरडलात?"

"ती काहीबाही विचारते."

"अहो," बायको हळूच म्हणाली आणि साहेबाचा डावा पांढरा कान दोन बोटांत धरून उलटवला. आतल्या कडेला छोटी खाच होती. "दीड महिन्याचा होता, कुंपणाच्या तारेत अडकला, तेव्हा मीच सोडवला होता. तुम्ही बहिणीकडे द्यायच्या आधी. हा दारात आला त्याच दिवशी मी कान बघितला."

त्याने चार वर्षं एक गोष्ट एकट्याने पोटात ठेवली, असं त्याला वाटत होतं. तेवढंही त्याचं राहिलं नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होता." तिने कान सोडला. "आणि मला काय ठाऊक असं होईल. मला वाटलं, सासर-माहेर एकच, एवढंच ना."

साहेब मन लावून खात होता. त्याला विश्रांती मानवली होती.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. पुढच्या काही आठवड्यांत बोकडवाल्यालाच फोनचं खरं वाटू लागलं. तो रिचार्जवाल्याच्या टपरीवर जाऊन ती कोटवाल्याची चित्रफीत पुन्हा लावायला सांगे. "नीट ऐकू आलं नाही," म्हणे. डॉक्टरचं ते वाक्यही तो घोळवी: शपथेवर नाही सांगणार. म्हणजे डॉक्टरलाही शंका होती. आपल्या खोट्याखाली योगायोगाने खरं निघालं तर? उन्हात टेकडी चढताना त्याला असं बरं बरं वाटे. मग खाली यायचा, गोठ्यात साहेब मान वर करायचा. अगदी थोरल्यासारखी.

विश्रांती संपायला आठवडा उरला तेव्हा त्याने धीर केला. चौकात जाऊन म्हणाला, "मी म्हणतो, साहेबाला काढूनच टाकतो. दुसरा बोकड आणतो."

टपरीच्या पायरीवरची माणसं पुढे सरकली. मग सगळे एकदम बोलू लागले.

"का हो काका? आता तर फोन काढला ना?"

"मुक्या जनावराचा काय दोष?"

"आमच्याच डोक्याने त्याच्या गळ्यात ते लटकवलं आणि आता त्यालाच फाशी?" ही शिवणवाली. ती कापड आणायला आली होती. "नाही भाऊ, एवढे कठोर होऊ नका. माझं करडू गेलं म्हणून तुम्ही मनाला लावून घेतलंत, मला कळतं. वहिनी पण बोलत नाहीत हल्ली. पण साहेब आमचा आहे. त्याच्यासारखा बोकड दहा गावांत नाही, तुम्हीच सांगायचात."

"तसं नाही, ताई..."

"मग कसं?"

ती खरोखरच विचारत होती. पायरीवरची बारा-पंधरा माणसंही थांबली होती. बोकडवाल्याने तोंड उघडलं. जीभ वरच्या टाळूला लागली, तिथेच राहिली.

"वय झालंय त्याचं," तो म्हणाला.

"पाच वर्षांत? मग आम्ही काय म्हणायचं!" आणि पुन्हा हशा झाला. रिचार्जवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, कारण काढलं की परिणाम जातो. विज्ञान आहे. तुम्ही घाबरू नका. आम्ही आहोत ना तुमच्या पाठीशी."

एवढी माणसं पाठीशी उभी राहिल्यावर माणसाला मागे फिरायला जागा उरत नाही.

विश्रांतीनंतर पहिल्या आलेल्या दोन शेळ्या त्याने परतवल्या. एकीला म्हणाला माज कच्चा आहे, दुसरीला म्हणाला माज उलटला. दोन्ही मालक नवल करत गेले. तारखेत न चुकणारा माणूस हल्ली माजात चुकू लागला, असं दुकानात बोललं गेलं. सून ऐकत होती. ती आता त्याच्याशी लागेल तेवढंच बोले: पाणी तापलंय, ताट वाढलंय.

एप्रिलच्या बारा तारखेला सकाळीच शिवणवाली आली. पुढे शेळी, मागे ती. शेळीची शेपटी पंख्यासारखी हलत होती आणि ओरडण्याने गल्ली दणाणली होती. ह्यात कच्चं किंवा उलटलेलं काही शोधायला आंधळा माणूस हवा होता.

"पहाटेपासून डोकं उठवलंय भवानीने," शिवणवाली म्हणाली. "घ्या भाऊ, मुहूर्त तुमचा."

"ताई, तिला एखादा हंगाम भाकड राहू दे. अंग धरू दे. मागच्या वेळी अडली होती."

"अंग? बघा तरी!" तिने शेळीच्या पाठीवर थाप मारली. "तिच्यावर चार माणसांचं दूध चालतं, ते आटत आलंय. ह्यांच्या औषधाबरोबर दूध लागतं. भाकड ठेवून कसं भागेल?"

"साहेबाला बरं नाही."

गोठ्यातून साहेबाचं घुरघुरणं, फुरफुरणं आणि खुंट्याला बसलेले तीन हिसके असं सगळं एकदम ऐकू आलं. शिवणवालीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"दावं सैल आहे, आवळतो," म्हणून बोकडवाला आत गेला. दावं सैल नव्हतं, खुंटाच निघाला होता. त्याने दोरी दोन्ही हातांनी धरली, मनगटाला वेढा दिला, टाचा जमिनीत रुतवल्या आणि मागे रेलला. साठ वर्षांचं वजन आणि त्याचे ते निमुळते हात. साहेबाने वरचा ओठ मुडपून एकदा हवा हुंगली आणि चालू लागला. बोकडवाला त्याच्यामागे अंगणात आला तो टाचांवर घसरत, धुळीत दोन चर काढत. दोरी तळहातातून सरकली तशी कातडी गेली. तरी त्याने सोडली नाही. चपला मागे राहिल्या. गुडघा टेकला, मग दुसरा.

"अहो भाऊ, सोडा की! हात कापतील!" शिवणवाली ओरडली. ओट्यावर बायको उभी होती, दारात सून. दोघींपैकी कुणीही पुढे झाली नाही. काय करायला पुढे व्हायचं, हे त्यांनाही सुचलं नाही.

शेळी हलली नाही. तिने पाय रोवले आणि शेपटी बाजूला घेतली. शिवणवालीने रीतीप्रमाणे तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढ्या गोष्टीला वेळ तरी किती लागतो. ती वळून पाहीपर्यंत साहेब बाजूला होऊन पाण्याच्या घमेल्यात तोंड घालून उभा होता आणि शेळी पाठ वाकवून उभी होती. बोकडवाला अजून गुडघ्यांवर होता, दोरी मनगटाला तशीच.

शिवणवालीने त्याचा हात धरून उठवलं. तळव्यावर रक्त पाहून पिशवीतली चिंधी काढली, दातांनी फाडली आणि घट्ट बांधली. बांधताना ती खाली बघून म्हणाली, "माझ्यासाठी एवढं लागून घेतलंत. त्या नऊ दिवसांत मी मनात तुमच्याबद्दल बरंवाईट बोलले होते, भाऊ. सुनेशीही तुटक वागले. माफ करा हं."

बोकडवाला तिच्या केसांच्या भांगाकडे बघत राहिला. "ताई," तो म्हणाला.

"हं?"

गल्लीतून रिचार्जवाला सायकलवरून गेला, घंटी वाजवत, हात वर करून. शिवणवालीनेही त्याला हात केला.

"काय म्हणत होतात?"

"काही नाही. दोन दिवस तिला चढावर नेऊ नका."

"नाही नेणार." तिने शेळीची दोरी घेतली, दोन पावलं गेली आणि थांबली. बोटांच्या पेरांवर ती मोजू लागली. "मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. म्हणजे बारा सप्टेंबर. त्या दिवशी कुठे जाऊ नका हं भाऊ. तुमचाच हात लागतो तिला."

"नऊ," बोकडवाला म्हणाला. "नऊ तारखेला विईल. मी येतो."